मार्लिसच्या बरणीवरचा मजकूर

मार्लिस ट्वेटच्या हातांना बारा महिने गांजाचा वास यायचा. छाटणीच्या दिवसांत कळ्यांच्या चिकानं तिची बोटं काळी पडायची. मग संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसून खायचं तेल चोळचोळून ती साफ करायची आणि निघालेला काळा गोळा कागदात बांधून म्हणायची, "नेल, हा ठेव, दात दुखला तर कामाला येईल." उत्तर कॅलिफोर्नियातल्या आमच्या खोऱ्यात तिच्या नावाची बरणी म्हणजे खात्रीचा माल. ओढला की माणसानं हसावं, त्याला भूक लागावी, झोप लागावी, आणि सकाळी कामाला जाता यावं, असा. बी तिनं स्वतः पंचवीसेक वर्षं निवडून निवडून तयार केलं होतं. दुसऱ्या कोणाला ती ते देत नसे, आणि कोणी मागतही नसे. आमच्याकडे तेवढा मान राखला जातो.

मी नवऱ्याबरोबर इथं आले आणि आम्ही पाइप, कोंबड्यांची जाळी, खत असलं सामान विकायचं दुकान काढलं. मार्लिस त्याच्या आधीपासून टेकडीवर होती. ती आणि तिचा नवरा रस मिनेसोटाहून एका मोडक्या गाडीतून आले. लाकूडवाल्यांनी रेडवूडची झाडं तोडून नेल्यावर उरलेली बोडकी जमीन तेव्हा मातीमोल मिळायची. त्यांनी टोमॅटो लावले, बटाटे लावले, आणि टोमॅटोच्या मागे ते दुसरं झाड. टोमॅटोंनी कधी पोट भरलं नाही.

हेलिकॉप्टरांचे दिवस मी पाहिलेत. उन्हाळा संपत आला की आकाशात ती घरघर सुरू व्हायची आणि बायका दोरीवरच्या चादरी तशाच सोडून झाडांकडे धावायच्या. दोरांवरून सरकारचे बंदूकवाले उतरत, पीक कापून नेत, कुत्री मारत. मार्लिस एकदा अशा एका जवानाला म्हणाली होती, "बाबा रे, कापतोयस ते काप, पण भोपळे तुडवू नकोस, ते कायद्यात बसतात." तो हसला आणि खरंच वळसा घालून गेला. पण रसला एका वर्षी नेलंच. आल्डर तेव्हा पाळण्यात होता. रस सुटला तो टेकडीवर परत आला नाही. शेजारच्या ओरेगन राज्यात दुसरी बाई बघून राहिला. मार्लिसनं त्याचे बूट पोत्यात भरून माझ्या दुकानात आणून ठेवले. "कोणाच्या मापाचे असतील तर दे," म्हणाली. एवढाच तिचा घटस्फोट.

तिच्या या झाडावरच्या श्रद्धेबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एड्सची साथ होती त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोत एका घरात मरणाच्या दारात असलेली तरुण मुलं ठेवलेली असत. दवाखाने त्यांना हात लावायला कचरत. मार्लिस महिन्यातून एकदा बरण्या घेऊन तिकडे जायची. फुकट. पकडली असती तर तुरुंगात गेली असती. टेरेन्स नावाचा एक मुलगा होता. अन्नाचा वास आला तरी ओकायचा. तिनं दिलेली चिलीम ओढून तो उठून बसला आणि कोंबडीच्या सूपचा वाडगा पुसून खाल्ला. "मला म्हणाला, अजून आहे का?" हे सांगताना मार्लिस दर वेळी हातानं वाडगा पुसून दाखवायची. टेरेन्स पुढच्या महिन्यात गेला. पण त्या वाडग्यानंतर, हे झाड वाईट करू शकतं असं मार्लिसला कोणी सांगू शकत नव्हतं. सरकार तर नाहीच. सरकारनं पन्नास वर्षं या झाडाबद्दल थापा मारल्या होत्या आणि त्या थापांपायी तिचं घर फुटलं होतं.

आल्डर तिला उशिरा झालेला. लांब पायांचा, लाजाळू पोरगा. नदीच्या पंपात काय बिघडलंय ते नुसतं कान लावून सांगायचा. शनिवारी गावच्या हॉलमध्ये बँजो वाजवायचा, तेव्हा म्हाताऱ्या बायकाही खुर्च्या सोडून उठायच्या. तेरा-चौदाचा असताना तो ओढायला लागला. सगळीच पोरं लागायची. मार्लिसनं एकदा त्याला गोठ्यामागे पकडलं, पण रागावली नाही. "घरचं ओढ, बाहेरचं नको," एवढंच म्हणाली. मला म्हणाली, "दारू पिऊन गाडी दरीत घालण्यापेक्षा बरं नाही का?" त्या वर्षी खोऱ्यातली दोन पोरं तशी गेली होती. तिचं म्हणणं मला पटलं होतं.

मग गांजा कायदेशीर झाला. आम्ही हॉलमध्ये केक कापला, गस पार्डी टेबलावर चढून नाचला. गस म्हणजे मार्लिसचा सगळ्यात जुना शेजारी. पोलीस त्याला पकडायला आले तेव्हा तिनं त्याची रोपं आपल्या न्हाणीघरात लपवली होती. पण वर्ष-दोन वर्षांत हसू मावळलं. परवाने, तपासण्या, पाण्याच्या टाक्यांचे नियम. दक्षिणेकडे मोठ्या कंपन्यांनी मैलोन्‌मैल काचघरं उभी केली आणि भाव असा पडला की छाटणीवाल्यांची मजुरीही सुटेना. निम्मं खोरं रिकामं झालं. मार्लिसनं कसाबसा परवाना मिळवला आणि छोटं शेत चालू ठेवलं. आल्डरनं किनाऱ्यावरच्या युरेका शहरात एका अर्क काढणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. तिथं झाडातली नशा पिळून काढून तिचं मधासारखं किंवा काचेसारखं दिसणारं काहीतरी बनवत. कामगारांना उरलंसुरलं घरी नेता येई.

एका रविवारी त्यानं ते आईला दाखवायला आणलं. मी तिथंच होते. छोट्या डबीत सोनेरी खडा.

मार्लिसनं तो उजेडात धरला. "यात झाड कुठाय रे?"

"आई, तुझ्या बरणीतलं म्हणजे ताक. हे लोणी आहे लोणी."

"ताक पिऊन कोणी मेलं नाही."

"लोणी खाऊन मेलंय का कोणी?"

"माझा बाप," मार्लिस म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. तिनं एक झुरका घेऊन पाहिला आणि दुपारभर झोपाळ्यावर डोळे मिटून पडून राहिली. उठल्यावर म्हणाली, "मला नको बाई हे. कोणीतरी डोक्यात हातोडा घातल्यासारखं होतं." पण आल्डर ते रोज ओढायचा. सकाळी उठल्या उठल्या, कामाच्या आधी, कामावर.

तो चोविशीत होता तेव्हा सुरू झालं. आधी बँजो बंद झाला. विचारलं तर म्हणाला, तारांमधून त्याचे विचार बाहेर ऐकू जातात. मग त्यानं घराच्या झऱ्याच्या टाकीत दगड भरले, कारण पाण्यातून कोणीतरी त्याच्याशी बोलत होतं. नोकरी गेली. तो टेकडीवर येऊन राहिला. मार्लिसला वाटलं, पोरगं थकलंय, शहरानं पिळून काढलंय. तिनं त्याच्यासाठी आपली सगळ्यात सौम्य बरणी काढली. "जरा शांत होशील," म्हणाली.

एका सकाळी ती चुलीवर पॅनकेक करत होती. तो टेबलापाशी बसला होता. तिनं ताटली पुढं केली तर त्यानं हात मागे घेतला.

"माझी आई कुठाय?"

"अरे, ही काय मी."

"हुबेहूब बनवलंय तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "आवाजसुद्धा. पण कान चुकलेत. तिला काय केलंत ते सांगा, मी तुम्हाला काही करणार नाही."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग त्यानं टेबलावरची सुरी उचलली. तो ती तिच्यावर धरत नव्हता, छातीशी घट्ट धरून भिंतीला पाठ लावून उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता. पॅनकेक जळत होता. मार्लिस मला नंतर म्हणाली, "नेल, मला त्याची भीती नाही वाटली. तो मला घाबरत होता. आयुष्यात मला कोणी एवढं घाबरलं नव्हतं."

शेरीफची माणसं आली. त्यातला एक आमच्याच खोऱ्यातला, आल्डरबरोबर शाळेत होता. त्यानं गोडीगुलाबीनं त्याला गाडीत बसवलं. ज्या वर्दीपासून मार्लिस उभा जन्म लपत आली, ती तिनं स्वतः फोन करून अंगणात बोलावली होती.

दवाखान्यात किंटेरो नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं मार्लिसला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं की मुलाला मोठा मनोविकार झालाय आणि तो रोज ओढत असलेल्या तीव्र मालाचा त्यात हात आहे.

मार्लिस उठलीच. "झालं सुरू! गांजा ओढला की वेड लागतं. माझ्या लहानपणी शाळेत हाच सिनेमा दाखवत होते. तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही? माझ्या नवऱ्याला याच थापेपायी नेलंत."

"तुमच्या नवऱ्याला मी नाही नेलं, मिसेस ट्वेट."

"खोरंच्या खोरं ओढतं. ते सगळे वेडे झाले का?"

"नाही. बहुतेकांना काही होत नाही. काहींना होतं. कोणाला होईल ते आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. लहान वयात सुरुवात केली, माल जितका कडक, जितका रोजचा, तितका धोका वाढतो. घरात कोणाला असा आजार असेल तर आणखी. तुमच्याकडे आहे का कोणी?"

मार्लिस परत खाली बसली. रसची एक बहीण होती, डोरीन. तिला तिच्या तरुणपणी दवाखान्यात ठेवलं होतं आणि घरात तिचं नाव काढत नसत. रसनं एकदाच सांगितलं होतं, तेही दारूच्या भरात.

"मला कोणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. आता आवाज चढलेला नव्हता.

"कुठं सांगणार होतं कोणी?" डॉक्टर म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिलाही खरंच माहीत नव्हतं.

तो हिवाळा बरा गेला, हे मला मुद्दाम सांगायचंय. आल्डर औषधं घेऊन घरी आला. जाड झाला, हालचाली मंदावल्या, हात थरथरत. पण मार्लिसला ओळखत होता. तिनं घरातला सगळा माल माझ्या गोदामात हलवला. स्वतःही ओढणं सोडलं, तेही इतक्या वर्षांची सवय असताना. दोघांनी मिळून कुंपण दुरुस्त केलं, कोंबड्या पाळल्या. नाताळच्या आसपास मी गेले तर तो बटाटे सोलत होता आणि मार्लिस त्याला चिडवत होती, "एवढी जाड साल काढतोस, कोंबड्यांचा बाप आहेस का तू?" तो हसला. उशिरा, जरा जड ओठांनी, पण हसला. मार्लिसनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनंच त्याला पुन्हा जन्म दिलाय.

वसंतात तो म्हणायला लागला, औषधानं डोक्यात ओली वाळू भरल्यासारखं वाटतं. बँजो हातात धरला तर बोटं पोचत नाहीत. छातीत धडधड होते, झोप येत नाही. मार्लिस म्हणाली, डॉक्टरांना सांगू. डॉक्टरांची वेळ बऱ्याच आठवड्यांनी मिळणार होती. तो खताची पोती आणायला गाडी घेऊन गावात गेला आणि येताना रस्त्यावरच्या गांजाच्या नव्या दुकानात शिरला.

तिथली चकचकीत डबी मार्लिसला त्याच्या गादीखाली सापडली तेव्हा तो परत औषधं थुंकत होता आणि तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होता. डबीवर पीचचं चित्र, गुलाबी ढग. ती डबी घेऊन ती माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, "तुझं भिंग दे."

मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात मजकूर होता. तिनं मोठ्यानं वाचला. मुलांपासून दूर ठेवा. प्राण्यांपासून दूर ठेवा. गरोदरपणी घेऊ नका. गाडी चालवू नका. तिनं डबी फिरवून परत पहिल्यापासून वाचलं.

"कुत्र्यामांजरांची काळजी घेतलीय बघ," ती म्हणाली. "डोक्याचं काही नाही."

ती त्या दुकानात गेली. मी गाडीत थांबले होते, पण दुकानाचं दार उघडं होतं. काउंटरवर मणी गुंफलेल्या केसांची एक गोड पोरगी होती.

"माझा मुलगा इथं आला होता. उंच, जाडसा. त्याला हे तू दिलंस?"

"आठवतो ना! फार भला माणूस. म्हणाला धडधड होते, झोप नाही. आम्ही त्यावर हेच देतो. मस्त आहे."

"त्याच्या डोक्याला आजार आहे, बाळ."

पोरीचा चेहरा उतरला. "ते त्यानं नाही सांगितलं."

"तू विचारलंस?"

"आम्ही फक्त वय विचारतो," पोरगी म्हणाली. खरोखर रडवेली झाली होती. मार्लिसनंच तिच्या हातावर थोपटलं आणि बाहेर आली. "ओरडायला गेले होते," मला म्हणाली. "कोणावर ओरडू?"

आल्डर पुन्हा दवाखान्यात, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. ठरलेले दिवस झाले की सोडत, कारण तो सज्ञान होता आणि शांतपणे 'बरा आहे' म्हणायचा. किंटेरो बाई नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेल्या. आणि औषधं पहिल्यासारखी लागू पडेनात. नव्या डॉक्टरनं सांगितलं, आता तो ओढो न ओढो, आजार आपल्या पायावर उभा राहिलाय.

त्या वर्षीचं पीक मार्लिसनं काढलं. माल बरण्यांत भरला आणि प्रत्येक बरणीवर सरकारी चिठ्ठीच्या वर आपल्या हातानं, जाड काळ्या शाईत लिहिलं: 'हे मी वाढवलंय. बहुतेकांना यानं बरं वाटतं. काहींचं डोकं यानं कायमचं फिरतं. माझ्या मुलाचं फिरलं. वय कमी असेल, घरात कोणाला वेड लागलं असेल, तर हे परत ठेवा.' खाली पूर्ण नाव.

माल नेणारा डेझ आला. मोठ्या मिशांचा, मनानं चांगला माणूस. त्यानं एक बरणी वाचली, दुसरी वाचली, टोपी काढली.

"मार्लिस, हे मी कुठं ठेवू? शेजारी गुलाबी ढग आणि मधे तुझं हे मर्तिक."

"खरं आहे ते."

"खरं आहे गं. पण दुकानदार म्हणेल, हिचाच माल विषारी दिसतो. बाकीच्यांचा नाही."

"मग बाकीच्यांनीही लिहावं."

"खोडून दे, आत्ता गाडीत भरतो. तुझा माल हातोहात जातो."

तिनं खोडलं नाही. त्यानं नेलं नाही. बरण्या माझ्या गोदामात आल्या.

हॉलमध्ये बैठक भरली ती दुसऱ्याच कशासाठी, रस्त्याच्या डागडुजीसाठी. पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, एक कायदा मांडला जाणार होता, प्रत्येक डबीवर मनोविकाराची ठळक सूचना छापायची. आणि मार्लिस त्याच्या बाजूनं बोलायला जाणार असल्याचं खोऱ्यात पसरलं होतं. रस्त्याचं झाल्यावर गस पार्डी उठला.

"मार्लिस, तुझ्या पोराबद्दल आम्हाला वाईट वाटतं. सगळ्यांना. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलाय. पण तू आमच्या पोटावर पाय देतेयस."

"मी सूचना लिहा म्हणतेय, गस. बंद करा म्हणत नाही."

"आज सूचना, उद्या हेलिकॉप्टर. विसरलीस? आपण दोघांनी चिखलात पोटावर पडून काढलेत ते दिवस. त्यांच्या तोंडात तू आयता घास देतेयस."

"त्यांनी खोटं सांगितलं म्हणून आपणही खोटं सांगायचं?"

"पोरगं आधीपासूनच जरा वेगळं होतं," मागून कोणी बाई म्हणाली. "रसच्या घराण्यातच होतं म्हणे."

मार्लिसनं मागे वळून पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली. "होतं. आणि मला ते विचारायचं सुचलं नाही, कारण विचारायला हवं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांना आपल्या घराण्यात काय आहे ते माहितीय? नातवंडं ओढतात ना तुमची?"

गस म्हणाला, "तू दुःखात आहेस. नंतर बोलू." खुर्च्या सरकल्या. पूर्वी बैठकीनंतर तिच्याभोवती घोळका असायचा. त्या दिवशी लोक तिला वळसा घालून कॉफीकडे गेले. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यानंतर काही जणांनी माझ्या दुकानातून माल घेणं सोडलं.

सॅक्रामेंटोला मीच तिला गाडीतून नेलं. तिनं निळा झगा घातला होता, रसच्या खटल्याला घातलेला. मोठी खोली, उंच खुर्च्यांवर आमदार. डॉक्टर लोक बोलले, कंपन्यांचा वकील बोलला. वकील म्हणाला की सूचना वाढल्या की लोक वाचेनासे होतात, गिऱ्हाईक चोरट्या बाजाराकडे वळतं आणि मरतात छोटे शेतकरी. छोट्या शेतकऱ्यांबद्दल तो फार कळवळ्यानं बोलला. मार्लिसची पाळी आली तेव्हा वेळ संपत आला होता. तिला नाव, गाव आणि एक-दोन वाक्यं बोलायला सांगितलं.

"मी मार्लिस ट्वेट. मी हे झाड पंचेचाळीस वर्षं लावतेय," ती म्हणाली. तेव्हा दोन-तीन जणांनी मान वर केली. "ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांच्यासाठी मी तुरुंगात जायला तयार होते. ज्यांचं त्यानं वाटोळं होतं त्यांच्यासाठी तुम्ही चार ओळी छापायला..."

"आभारी आहोत, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "पुढचे."

तो कायदा तिथंच बाजूला ठेवला गेला. अधिक अभ्यास हवा, म्हणाले. परत येताना तिनं गाडीत बूट काढून पाय वर घेतले. मग म्हणाली, "पूर्वी हातकड्या घालायचे तेव्हा निदान पूर्ण ऐकून घ्यायचे."

त्याच सुमाराला आल्डर दवाखान्यातून सुटून कुठंतरी निघून गेला. तो युरेकात खाडीच्या काठी पत्र्याच्या गोदामांमागे राहतोय असं कळायला बराच काळ गेला. मार्लिस गेली, त्याला नावानं हाक मारली, 'आई आलेय रे' म्हणाली. तो किंचाळत पळाला. खाडीच्या चिखलात छातीपर्यंत गेला. लोकांनी बाहेर काढला. पुढं बरेच महिने तो कोणालाच दिसला नाही.

दिसला तेव्हा मार्लिसनं टेकडी सोडली. त्या वसंतात तिनं काहीच लावलं नाही. पंचवीस वर्षांचं बी तिच्या फडताळात पडून होतं, तिनं ते नेलं नाही आणि कोणाला दिलंही नाही. उंदरांनी खाल्लं. जमिनीला गिऱ्हाईक नाही, सगळं खोरंच विकायला निघालंय. युरेकाच्या कडेला तिनं भाड्यानं एक पत्र्याची खोली घेतलीय. तिथं ती घेवड्याचं सूप करते आणि डब्यात भरून खाडीवर जाते. केस कापून टाकलेत, चष्मा बदललाय, चर्चच्या बायका घालतात तसा करडा कोट घालते. पहिल्या दिवशी तिनं डबा त्याच्यापासून लांब, एका ओंडक्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी इंग्रिड. चर्चकडून आलेय." इंग्रिड तिच्या आजीचं नाव. त्यानं डबा घेतला.

आता तो तिच्याशी बोलतो. त्याची दाढी पोटापर्यंत आलीय, पुढचे दात पडलेत, पायाला जखम आहे ती दाखवायला तयार होत नाही. आसपासच्या माणसांकडून मिळेल ते ओढतो. ती औषधाचं नाव काढत नाही. काढलं तर इंग्रिडही जाईल.

मी एकदा तिच्याबरोबर गेले आणि लांब गाडीत बसून राहिले. वारा होता, भरती येत होती. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"आईबद्दल सांगत होता. म्हणाला, ती वर टेकडीवर असते, तिला कोणीतरी कोंडून ठेवलंय. नाहीतर ती आली असती. ती नक्की आली असती, म्हणाला."

"मग तू?"

"मी म्हटलं, येईल." तिनं हातमोजे काढले. "काय बोलणार?"

मी म्हटलं, कधीतरी हळूच सांगून बघ. ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी मूर्खासारखं काहीतरी बोलले.

गेल्या महिन्यात तिच्या कमरेचं दुखणं बळावलं. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया हवी, आणि ती झाली की बरेच दिवस चालता येणार नाही. ती पुढं ढकलतेय. तशीच लंगडत खाडीवर जाते. मी तिला म्हटलं, मी नेते सूप. म्हणाली, "नवीन माणसाच्या हातचं तो घेत नाही."

परवा फोन आला तिचा. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, आज त्यानं सगळं सूप खाल्लं, पावसुद्धा खाल्ला. मग डबा पुसून परत देताना तिला विचारलं, "इंग्रिड, तुला मुलंबाळं आहेत?"

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"नाहीत म्हटलं," मार्लिस म्हणाली. "म्हणाला, बरं झालं."